आडनाव विचारून ठरणारे भाडे

सातारा आणि सांगली या शहरांत भाड्याची खोली मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे, आणि मिळाली तरी परवडत नाही, अशी ओरड आता सगळीकडून ऐकू येते. पण महागाईची चर्चा निघाली की डाळ, तेल, गॅस आणि पेट्रोल यांचीच नावे घेतली जातात, घरभाड्याचे नाव कोणी घेत नाही. याचे कारण उघड आहे. बातम्या लिहिणारा, सभागृहात प्रश्न विचारणारा आणि नगरपालिकेत ठराव मांडणारा वर्ग बहुतांशी घरमालकांचा आहे. भाडेकरूची संघटना नाही. त्याचे मत बऱ्याचदा गावाकडच्या यादीत असते, त्यामुळे नगरसेवकाला त्याची भीती नाही. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाकडे मोर्चा काढायला वेळ कुठून असणार? शहराची घाण उपसणारा, हमाली करणारा, धुणीभांडी करणारी, एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा आणि शिकायला आलेला आपला विद्यार्थी हे सारे या मुक्या वर्गात मोडतात. म्हणून हा प्रश्न चळवळीने आपला मानला पाहिजे.

भाडे का वाढते ते आधी पाहू. सातारा पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. पुण्यात नोकरी केलेला माणूस निवृत्तीनंतर साताऱ्यात फ्लॅट घेतो आणि वर्षातले आठ महिने त्याला कुलूप लावून ठेवतो. २०२० मध्ये नगरपालिकेची हद्द वाढली, शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग शहरात आला आणि त्याबरोबर जमिनीचे भाव चढले. २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय झाले ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर विद्यार्थी, परिचारिका, कंत्राटी कर्मचारी आणि रुग्णांचे नातेवाईक येतात. ते कुठे राहणार, याचा विचार इमारतीची कोनशिला बसवताना कोणी केलेला दिसत नाही.

सांगलीचे दुखणे आणखी वेगळे आहे. तिथे भाडे कृष्णेच्या पाण्याच्या पातळीवर ठरते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. त्याआधी २००५ साली आणि नंतर २०२१ साली शहराने महापूर पाहिला. ज्याची ऐपत होती तो नदीकाठ सोडून विश्रामबागेकडे सरकला आणि उंचावरच्या भागातली भाडी चढली. ज्याची ऐपत नव्हती तो सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी अशा सखल भागात राहिला, कारण परवडणारी खोली तिथेच मिळते. स्वस्त खोली म्हणजे पुराची खोली, हे सांगलीचे अलिखित कोष्टक झाले आहे. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो तो घराचा. घर मालकाच्या नावावर असते. भाडेकरूच्या हाती करारही नसतो, पावतीही नसते. भिजलेला गहू, मुलांची दप्तरे आणि निकामी झालेले शिलाई मशीन आपलेच होते हे सांगायला त्याच्याकडे पुरावा काय? मिरजेत दवाखान्यांमुळे पार कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना दिवसावर खोल्या दिल्या जातात. दिवसावर जास्त मिळत असेल तर महिन्यावर कोण देईल?

इथपर्यंतचे दुःख सर्व जातींच्या गरिबांचे आहे. ब्राह्मण विद्यार्थ्यालाही भाडे जास्तच पडते, मराठा कामगारालाही पडते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु आपल्या माणसाला या भाड्यावर एक जादा कर भरावा लागतो. तो कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो.

'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी पाहून आपला मुलगा जातो. पहिला प्रश्न असतो, आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव कोणते, वडील काय करतात, देव कोणता, मटण-मासे खाता का, असे एकेक दार उघडत घरमालक आत शिरतो. उलगडा झाला की तोंडावर नकार देण्याइतका तो अडाणी नसतो. "कालच दुसऱ्याला शब्द दिला," असे सांगतो. पाटी मात्र पुढचे पंधरा दिवस तिथेच लटकत असते. काही जण नकार देत नाहीत, आकडा वाढवतात, अनामत दुप्पट मागतात, 'पाहुणे आणायचे नाहीत, फोटो लावायचा नाही' अशा अटी घालतात. कोणता फोटो ते सांगावे लागत नाही.

हे दुप्पट भाडे आजचे नाही. त्याची एक जुनी लेखी नोंद साताऱ्याच्याच मातीतली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतर १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले अशी पोरे रामजी सुभेदारांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आस्थेने बोलला. जात कळताच मागे सरकला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि तेही पोरांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवान पायी चालणार, या अटीवर. दाम दुप्पट आणि कामही आपणच करायचे! वाटेत जकात नाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा त्या मुलांना आपण मुसलमान आहोत असे सांगावे लागले, आणि तरीही पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्याच आठवणींत बडोदा आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, लंडनला अभ्यास केलेला हा माणूस बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाला आणि त्याला शहरात राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून, रोजचे भाडे देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना खोली सोडावी लागली. एका हिंदू मित्राने घरात घेतले नाही, एका ख्रिस्ती मित्रानेही टाळाटाळ केली. त्या बागेत बसून त्यांनी काढलेला दिवस चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजही संकल्पभूमीवर लोक जातात. पण आपण तो प्रसंग भक्तिभावाने सांगतो आणि त्यातला रोकडा प्रश्न विसरतो. त्या प्रसंगाचे मूळ भाड्याच्या खोलीत होते. पदवी होती, पगार होता, भाडे द्यायची तयारी होती. फक्त आडनाव चालत नव्हते.

आज आपली पोरे फोनवर आडनाव गिळतात, नुसते पहिले नाव सांगतात, भिंतीवरचा फोटो पेटीत ठेवतात. त्यांना 'स्वाभिमान नाही' म्हणून झोडपणारे काही भाषणबाज आपल्यात आहेत. त्यांनी आधी बडोद्याचा तो प्रसंग पुन्हा वाचावा. लाज लपवणाऱ्याला वाटायला नको, ती लपवायला लावणाऱ्याला वाटली पाहिजे.

हे सारे मनाचे खेळ आहेत, आता जात कोण पाहतो, असे म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि लगतच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी चौकशी करून पाहिली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाले. फोनवर सवर्ण नावाला कोणी नाही म्हटले नाही. दलित नावांना शंभरात १८ ठिकाणी सरळ नकार आला आणि आणखी २३ ठिकाणी जास्त भाडे किंवा जादा अटी सांगितल्या गेल्या. मुस्लिमांची स्थिती याहून वाईट होती, ३१ ठिकाणी नकार आणि ३५ ठिकाणी अटी. देशाच्या राजधानीत ही तऱ्हा, तर पेठापेठांत जात ओळखून राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यांच्या शहरांत काय असेल?

आता कायद्याकडे वळू. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. त्याने भाडी इतकी गोठवली की घरमालकाला घराची डागडुजीही परवडेना. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात हे गोठवणे आता वाजवी राहिलेले नाही असे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्यात भाडेकरूला वर्षाला फक्त चार टक्के भाडेवाढ लावता येते, वीज-पाणी तोडता येत नाही, कारणाशिवाय काढता येत नाही. वाचायला छान वाटते. पण त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये 'लिव्ह अँड लायसन्स'ची खिडकी उघडी ठेवली आहे. त्या खिडकीतून आत आलेला माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही, तो परवानाधारक. मुदत संपली की त्याने निघायचे, नाही निघाला तर दुप्पट रक्कम भरायची. चार टक्क्यांची मर्यादा त्याच्यासाठी नाही. पाच हजारांच्या खोलीवर भाडेकरूला पहिल्या वर्षी दोनशे रुपयांची वाढ लागेल. परवानाधारकाला अकरा महिन्यांनी सर्रास दहा टक्के, म्हणजे पाचशे. पाच वेळा कागद बदलला, म्हणजे साडेचार वर्षे झाली, की पाच हजारांचे आठ हजार होतात. मजुरी तेवढ्या वेगाने वाढल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय?

जुन्या भाडेकरूंचे संरक्षण करणारा कायदा नव्या भाडेकरूला दाराबाहेर ठेवतो. सत्तर वर्षांपूर्वी पेठेत वाडा भाड्याने घेऊ शकलेला वर्ग कोणता होता हे सांगायला नको. त्यांचे नातू आजही नाममात्र भाड्यात आहेत. आपला माणूस शहरात आला तो उशिरा, त्यामुळे त्याच्या वाट्याला अकरा महिन्यांचा कागद आला. तोही बहुतेकांना मिळत नाही.

या ठिकाणी वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात खोटी आहे. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडे असो वा लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे करार नोंदलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर घेतली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे, नोंदणी ऑनलाइन होते. घरमालक तरीही टाळतो, कारण भाडेकरू कागदावर आला की घरपट्टी वाढेल आणि उत्पन्न दिसेल अशी त्याला धास्ती. म्हणजे चोरी मालकाची आणि बिनकागदाचा राहतो भाडेकरू. त्याच कागदाअभावी गॅसजोडणी अडते, शिधापत्रिका गावाकडची राहते, मुलाच्या शाळाप्रवेशाला पत्त्याचा पुरावा नसतो आणि पुराची मदत दुसऱ्याच्या खात्यावर जाते.

जातीवरून खोली नाकारणे हा गुन्हा आहे काय? आहे. १९५५ च्या कायद्यात, ज्याचे १९७६ पासूनचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, घेणे किंवा तिच्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे शिक्षापात्र ठरवले आहे. कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेवरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा ही तरतूद त्यांनाही लागू. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हाही गुन्हा केला आहे. पण "कालच दुसऱ्याला शब्द दिला" या एका वाक्यापुढे ही सारी कलमे थांबतात. पोलीस ठाण्यात खोलीसाठी फिर्याद घेऊन गेलेल्या पोराला काय ऐकावे लागेल याची कल्पना वाचक करू शकतात. म्हणून कायदा माहीत असावा, पण त्याच्या भरवशावर बिऱ्हाड रस्त्यावर ठेवू नये.

विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा मांडला पाहिजे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सरकारने २०१६-१७ मध्ये बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आणली. योजना चांगली. पण जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयात जिल्ह्याच्या ठिकाणी निवास भत्ता धरला तो वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. साताऱ्यात किंवा सांगलीत हजार रुपयांत खाटेची जागा तरी मिळते का, हे समाजकल्याण खात्याच्या सचिवांनी एकदा स्वतः फिरून पाहावे. तोही पैसा वर्ष सरत आले तरी खात्यावर आला नाही, अशा तक्रारी दरवर्षी असतात. घरमालक मात्र पाच तारखेला दारात उभा असतो. आणि हे पाहा: सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या नोकराला घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे २४, १६ आणि ८ टक्के ठरला, महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला की तो २७, १८, ९ होतो आणि ५० वर गेला की ३०, २०, १०. साहेबाच्या भाड्याला महागाईची शिडी बांधून दिली. दलित विद्यार्थ्याच्या भाड्याला का नाही? हा प्रश्न आपल्या आमदारांनी सभागृहात विचारायला हवा होता. ते कोणत्या पक्षात आहेत यावर त्यांचा आवाज अवलंबून असतो, हे दुर्दैव.

याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले तेव्हा सरकारी भत्ता नव्हता. धनिणीच्या बागेत सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली राहिली, एका चुलीवर शिजवून जेवली. त्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे केले. त्या दोघांना जे कळले होते ते आजच्या शिक्षणसम्राटांना कळत नाही: शाळेत जागा देऊन गावात खोली मिळू दिली नाही तर प्रवेश फुकट जातो. आज दोन्ही जिल्ह्यांत कॉलेजांना तोटा नाही, कारखाने आणि सूतगिरण्या काढून गबर झालेल्या घराण्यांच्या संस्थांनाही तोटा नाही. वसतिगृहाची खाट मात्र मोजूनमापून.

कामगारांचे काय? सरकार म्हणते घरकुल घ्या. रमाई आवास योजनेत घर मिळते, पण स्वतःची जागा किंवा कच्चे घर असेल तर. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे जागा असती तर तो भाड्याने राहिला असता का? सफाई कामगारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे, पण ती २५ वर्षे कायम सेवा झालेल्यांची. आता झाडू आहे कंत्राटदाराकडे. ज्याचे नाव दर वर्षी नव्या कंत्राटाबरोबर कोरे होते त्याची २५ वर्षे कधी भरणार? त्याच्या श्रमाला साफल्य कागदोपत्रीसुद्धा नाही.

सगळा भर मालकीच्या घरावर आहे, भाड्याच्या घराचे धोरणच नाही. पूर्वी होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात आणि गोलमेज परिषदेला गेले तेव्हा त्यांचा पत्ता तोच होता. सार्वजनिक संस्थेने बांधलेली, आडनाव न विचारणारी आणि गिरणी कामगाराच्या आवाक्यातली खोली! बडोद्याने जे नाकारले ते परळच्या चाळीने दिले. सातारा नगरपालिकेने किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने, जी १९९८ साली स्थापन झाली, सर्वसामान्य कामकऱ्यासाठी अशी एक तरी भाड्याची चाळ बांधली पाहिजे. निधी नाही हे उत्तर चालणार नाही. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा भाग आहे. २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे; पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली होती. म्हणजे घरे नाहीत असे नाही, ती बंद आहेत.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आरक्षणाच्या बळावर नोकरी मिळालेल्या आपल्या माणसांनी दोन्ही शहरांत बंगले बांधले, वर एक मजला चढवला, तिथे भाडेकरू ठेवले. चांगली गोष्ट आहे. पण त्यातले कितीजण मातंग, चर्मकार, मेहतर किंवा भटक्या जमातीच्या कुटुंबाला खोली देतात? "आपल्यातलाच पाहिजे" आणि "बँकेतला पाहिजे" ही वाक्ये त्यांच्या दारातही ऐकू येतात. काहींना तर वरच्या जातीचा भाडेकरू मिळाला की प्रतिष्ठा वाढल्यासारखी वाटते. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, तिचा या वरच्या मजल्याशी संबंध आहे. १४ एप्रिलला वर्गणी पाचशे द्यायची आणि गावाकडून आलेल्या पोराकडून अनामत वीस हजार घ्यायची, हे कोणत्या हिशेबात बसते?

दोन्ही जिल्ह्यांतल्या विहार समित्यांना आणि कर्मचारी संघटनांना आमची सूचना साधी आहे. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत त्यांची यादी करावी. जात न विचारता, नोंदणीकृत करार करून, दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत न घेता खोली देणाऱ्यांचीच नावे त्यात घ्यावीत. स्वाधारचा पैसा उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याचे भाडे तोवर थांबवण्याची तयारी कोणाची आहे तेही लिहावे. ज्यांना नोंदणी करता येत नाही त्यांना ती करून देणारे चार वकील आणि दहा संगणक शिकलेली पोरे प्रत्येक शहरात आहेतच. नकार मिळालेल्यांनी तारीख, वेळ, पत्ता आणि जी पाटी पाहून गेलो तिचा फोटो समितीकडे द्यावा. एकाच दारातून असे तीन-चार फोटो जमले की कलम ४ ची फिर्याद उभी राहते. जूनमध्ये कॉलेजे सुरू होतात. मेअखेर ही यादी विहाराच्या फळ्यावर लागली पाहिजे.